कुमाचा रकाना

बेलोब्रेगच्या पोलीस ठाण्यात रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नव्हतं. कायद्यात ते बसत नसे. दोन भाऊ एका पाळीत नकोत, सासरा-जावई एका चौकशीत नकोत, असा कडक नियम होता आणि तो सगळे मोठ्या इमानाने पाळत. कूम मात्र सगळेच एकमेकांचे होते. ठाण्याचा प्रमुख मेजर कुर्तेव हा सार्जंट वल्कोचा कूम. वल्को हा शिपाई नेदका त्सेनोवाचा कूम. गाडीच्या ड्रायव्हरच्या लग्नातही वल्कोच उभा राहिलेला, आणि त्या ड्रायव्हरच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून कुर्तेवच्या बायकोने वर काढलेलं. लग्नात नवरानवरीच्या मागे मुकुट धरून उभा राहतो तो कूम; पुढे पोरं झाली की त्यांचं नाव ठेवतो तोही तोच. बापाशी अबोला धरला तर लोक समजून घेतात. कुमाशी वाकडं आलं तर आमच्याकडे बायका आवाज खाली आणून बोलतात.

नेदका गवंड्याची मुलगी. १९९० च्या वसंतात ती भरती झाली तेव्हा ठाण्यावरची साम्यवादी राजवटीतली ‘मिलिशिया’ची पाटी उतरवून ‘पोलीस’ अशी नवी पाटी लावली होती, तिचा रंगसुद्धा वाळला नव्हता. पाटी बदलली म्हणजे आतली माणसं बदलली असं समजण्याइतकी नेदका भोळी नव्हती, पण थोडी आशा तिलाही होतीच. पहिलं वर्षभर तिला बालकक्षात बसवलं. रंगीत खडू, एक कान तुटलेलं अस्वल आणि शाळा बुडवून पकडलेली पोरं. बाईमाणसाला आणखी काय द्यायचं? दर महिन्याला ती गस्तीसाठी अर्ज करी, आणि दर महिन्याला कुर्तेव तो वाचून म्हणे, “नेदके, तुझं अक्षर काय सुरेख आहे गं!”

शेवटी तिला गस्तीवर काढलं ते वल्कोने. हे विसरून चालणार नाही, नेदकाही कधी विसरली नाही. “हिला माझ्याबरोबर द्या साहेब,” तो कुर्तेवला म्हणाला, “हात बघितलेत का हिचे? विटा वाहिल्यात हिनं. तुमच्या खडूंना काय करायचेत असले हात?” दारुड्याशी कुठल्या सुरात बोलायचं, अंगावर येणाऱ्या माणसापुढे कुठल्या पायावर भार टाकायचा, घाबरल्यावर हात कुठे ठेवायचे म्हणजे समोरच्याला कळत नाही, हे सगळं त्याने तिला शिकवलं. तिची आई आजारी पडली आणि इमारतीची लिफ्ट बंद निघाली, तेव्हा म्हातारीला पाठुंगळी मारून आठ मजले उतरला तो वल्कोच. त्यामुळे नेदकाने बंदरावर क्रेन चालवणाऱ्या इस्क्रेनशी लग्न ठरवलं, तेव्हा कूम कोण हा प्रश्नच आला नाही. तिच्या मुलीचं याना हे नावही वल्कोनेच ठेवलं.

आणि हाच वल्को कोठडीत हात उचलायचा.

मार खाल्लेल्या माणसाच्या नावापुढे नोंदवहीत ‘जिन्यावरून पडला’ असं लिहायची ठाण्याची रीत होती. ठाण्याला जिना एकच, तोही तीन पायऱ्यांचा. त्या तीन पायऱ्यांवरून १९९९ साली अकरा माणसं पडली. त्यातली दोन नेदकाच्या सुरेख अक्षरात पडली. पहिल्या वेळी तिने मान खाली घालून लिहिलं. दुसऱ्या वेळी मान वर ठेवून लिहिलं, आणि त्या रात्री तिला स्वतःची जास्त भीती वाटली.

पुढच्या मार्चमध्ये रेल्वेची तांब्याची तार चोरीला गेली. गुरुवारी दुपारी वल्कोने खालच्या, भटक्यांच्या महल्ल्यातल्या ओग्न्यानला धरून आणलं. ओग्न्यान कल्हईवाला. बापापासून धंदा तोच. वसंत आला की गावोगावच्या लोकांच्या दारू गाळायच्या तांब्याच्या कढया गाडीत घालून न्यायच्या आणि कल्हई लावून परत द्यायच्या. गाडीत तांबं सापडलं. सापडणारच! न्हाव्याकडे वस्तरा सापडावा तसं.

नेदका त्या दिवशी नोंदवहीवर होती. दाराआडून पहिला आवाज आला तेव्हा ती वेळ लिहीत होती. दुसरा आला तेव्हा तिचं पेन थांबलं. तिसऱ्याला ती उठली, दार उघडून आत गेली आणि तिने वल्कोचं मनगट धरलं.

“पुरे.”

वल्को हसला. खरंच हसला, राग नव्हता त्याला. “अगं, सोड. कोण आहे मी तुझा?”

“कूम आहेस. पुरे म्हटलं ना!”

ओग्न्यान भिंतीला टेकून खाली बसला होता आणि डाव्या कानावर हात धरून सारखा विचारत होता, “काय म्हणताय? काय म्हणताय तुम्ही?” कोणी काहीच म्हणत नव्हतं.

नेदका बाहेर आली आणि तिने लिहिलं: ‘दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. अटकेतल्या माणसाला सार्जंट वल्को दिमोव्ह याने कानावर मारलं. मी पाहिलं.’ आणि खाली सही केली.

आता ही नोंदवही म्हणजे साधी वही नव्हे. पानांना आकडे घातलेले, सगळ्या पानांमधून दोरा ओवलेला आणि दोऱ्याच्या टोकांवर लाखेचं सील. पान फाडायची सोय नाही. लिहिलेलं बदलायचं तर ज्याने लिहिलं त्यानेच खाली ‘वरील नोंद चुकीची आहे’ असं लिहून पुन्हा सही करायची. कुर्तेव ते पान बराच वेळ बघत बसला. ओरडला नाही. ओरडणं त्याने खालच्या लोकांवर सोपवलेलं होतं.

“सोमवारी सरकारी वकील यायचाय,” तो म्हणाला. “कल्हईवाल्याच्या बायकोनं तक्रार टाकलीय. आला की वही मागणार.”

“मागू दे की साहेब.”

“नेदके, वल्कोला कैद होईल.”

“कान फुटलाय त्या माणसाचा.”

“कानाचं काय घेऊन बसलीस? दोन असतात.” मग त्याने आवाज मऊ केला. “हे बघ पोरी. रविवारी क्षमेचा दिवस. कुमाकडे तू जाणारच, दरवर्षी जातेस. हाताचं चुंबन घे, माफी माग. तोही मोठ्या मनाचा आहे, करेल माफ. आणि सोमवारी सकाळी लवकर ये. दोन ओळी आणि एक सही. एवढ्यानं भागतंय.”

नेदका काही बोलली नाही. कुर्तेवने त्याचा अर्थ हो असा घेतला. आमच्याकडे साहेबलोक बाईच्या गप्प बसण्याचा नेहमी तोच अर्थ घेतात.

चाळीस दिवसांचा उपास लागण्याआधीचा तो रविवार. धाकट्यांनी थोरांकडे जायचं, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, आणि सगळ्यांत आधी कुमाकडे जायचं, ही रीत. इस्क्रेनने घरात विचारलं, “जायलाच हवं का यंदा?” नेदका बानित्साच्या पातळ पोळ्यांच्या थरांवर चीज पसरत म्हणाली, “यंदा तर जायलाच हवं.” तिने सात वर्षांच्या यानाचे केस विंचरले, गणवेशाऐवजी निळा पोशाख घातला आणि बानित्सा गरम असतानाच टॉवेलात गुंडाळली.

वल्कोचं घर भरलेलं होतं. ठाण्यातले तिघं बायकापोरांसकट आलेले. छताला बांधलेल्या दोऱ्याला पांढऱ्या हलव्याचा तुकडा लोंबत होता आणि तो दोरा गोल फिरवला जात होता. हात न लावता तोंडाने पकडायचा. नेदका दारात आली तेव्हा वल्को मान मागे टाकून, भला मोठा आ वासून त्या हलव्याखाली उभा होता, आणि पोरं खिदळत होती. तिला पाहून त्याने तोंड मिटलं. फक्त हलवा फिरत राहिला.

“ये,” वल्कोची बायको द्राग्ना म्हणाली. तिचे डोळे रडून सुजलेले होते.

नेदका पुढे झाली, वाकली आणि तिने वल्कोचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. त्याच उजव्या हाताचं. तिघं पोलीस एकमेकांकडे बघून सुटल्यासारखे हसले.

“मला माफ कर, कूम.”

“देव माफ करो, माझ्याकडून केव्हाच झालं,” वल्को रीतीप्रमाणे म्हणाला. तो तिच्या खांद्यावर हात टाकणार, तेवढ्यात ती म्हणाली, “कशाबद्दल ते ऐकून तर घे.”

“नको गं. झालं ते झालं.”

“नाही, ऐक. जूनमध्ये त्या कोळ्याची दोन बोटं मोडलीस, मी जिना लिहिला. ऑक्टोबरात त्या दारुड्याचे दात पाडलेस, मी जिना लिहिला. पहिल्याच वेळी खरं लिहिलं असतं ना, तर तुला तेव्हा नुसती तंबी मिळाली असती आणि तुझा हात तिथंच थांबला असता. तू माझा कूम, आणि मी तुला थांबवलं नाही. त्याची माफी मागतेय.”

वल्कोचा हात तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर तसाच राहिला. “आणि परवाचं?”

“परवाचं बरोबर लिहिलंय. त्याची नाही मागत.”

एका पोलिसाच्या तोंडून शिवी निघाली. बायकोने त्याला कोपर मारलं.

“अजून संपलं नाही,” नेदका म्हणाली. घाबरल्यावर हात कुठे ठेवायचे हे तिला वल्कोनेच शिकवलेलं होतं, तसे तिने ते ठेवले. “ओग्न्यानचं घर इथून वीस मिनिटांवर आहे. कोट घाल. आपण दोघं जाऊ. तूही माग, मीही मागते. तू आलास तर सोमवारी वकिलासमोर तेही सांगेन, की हा माणूस स्वतः चालत गेला होता म्हणून.”

“मी?” वल्कोचा चेहरा लालबुंद झाला. “मी त्या भटक्याच्या दारात जाऊ? माफी मागायला? नेदके, तुझ्या आईला मी पाठीवरून...”

“आठ मजले,” नेदका म्हणाली. “आठवतंय मला. मरेपर्यंत आठवेल. म्हणून तर आले.”

वल्कोने भिंतीकडे तोंड केलं. मग तसाच पाठमोरा म्हणाला, “आजपासून तुझ्या पोरीला कूम नाही.”

द्राग्नाने टेबलावरची बानित्सा उचलली, पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि नेदकाच्या हातात दिली. आणलेली बानित्सा परत करणं म्हणजे काय हे यानालाही कळलं. ती भोकाड पसरून रडायला लागली, आणि इस्क्रेनने तिला कडेवर उचललं. सात वर्षांची घोडी, पण उचललं.

नेदका तिथून घरी गेली नाही. ती तशीच खालच्या महल्ल्यात गेली, तीच बानित्सा घेऊन. ओग्न्यानच्या बायकोने दार चार बोटं उघडलं.

“काय आहे त्यात?”

“बानित्सा.”

“पोलिसाची? विष घातलंयस का?”

नेदकाने दारातच टॉवेल सोडला, एक मोठा तुकडा मोडला आणि उभ्याउभ्या खाल्ला. बाई बघत राहिली. मग दार उघडलं. ओग्न्यान खाटेवर बसला होता, कानाला फडकं बांधलेलं. त्याने उजवी बाजू तिच्याकडे केली.

“माफी मागायला आले,” नेदका म्हणाली.

“ते राहू दे, बाई. माफीनं कान येणाराय का? उद्या काय सांगणार ते सांग.”

“लिहिलंय तेच.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग बस,” तो म्हणाला. “उभी कशाला?”

सोमवारी तिने तेच सांगितलं. वल्कोची नोकरी गेली, दोन वर्षांची शिक्षा झाली, ती कोर्टाने स्थगित ठेवली, त्यामुळे तुरुंग टळला. ओग्न्यानचा डावा कान कायमचा गेला. कुर्तेवला बढती मिळून तो जिल्ह्याला गेला. असल्या माणसांना बढती कशी मिळते ते मला विचारू नका. आणि नेदकाला तळघरातल्या पासपोर्टच्या खिडकीत बसवलं. तिथे ती नऊ वर्षं बसली.

त्या नऊ वर्षांत ठाण्यातलं कोणी तिच्याबरोबर कॉफी प्यायलं नाही. महिलादिनी ठाण्यातल्या प्रत्येक बाईला एक कार्नेशनचं फूल मिळे. नेदकाच्या टेबलावर दोन ठेवलेली असत. जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची आणि सम फक्त मेलेल्यांना, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसरी कोणी असती तर फुलं कचऱ्यात टाकून रडली असती. नेदकाने ती पाण्याच्या ग्लासात घालून खिडकीत अगदी पुढे ठेवली. पासपोर्टला आलेल्या म्हाताऱ्या दचकून छातीवर क्रॉसची खूण करत आणि विचारत, “अगं बाई, दोनच?” नेदका वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगे, “काय करणार आजी? वरच्या पुरुषांना मोजताच येत नाही.”

खरं दुःख तिला वेगळंच होतं. तळघरात बसून, पत्राने अभ्यास करून तिने कायद्याची पदवी घेतली, आणि जसजशी ती कायदा वाचत गेली तसतसा तिच्या अंगाचा तिळपापड होत गेला. वल्कोच्या चौकशीच्या कागदांत कुर्तेवने लिहून दिलं होतं की आरोपी आपला कोणी लागत नाही. आणि ते खरं होतं! कायद्याच्या भाषेत शंभर टक्के खरं. फॉर्मवर रकाने होते: नवरा-बायको, रक्ताचे नातेवाईक, लग्नामुळे झालेले नातेवाईक. ज्या नात्यावर सगळं ठाणं उभं होतं त्याला रकानाच नव्हता. मार वल्कोने दिला होता, पण वल्कोला वल्को करणारं हे होतं, असं तिचं ठाम मत झालं. तो एक रकाना फॉर्मवर आणायचा, मग बाकी काही होवो न होवो, असं तिने डोक्यात घेतलं.

देश युरोपीय संघात सामील झाला आणि पोलीस शाळेत मानवी हक्क हा विषय शिकवणं सक्तीचं झालं. शिकवायला कोणी तयार होईना. तास शुक्रवारचा, शेवटचा. असली नकोशी कामं कोणाला द्यायची हे खात्याला बरोबर माहीत होतं. अशी नेदका तळघरातून वर्गात आली.

पहिल्या दिवशी तिने पुस्तक उघडलंच नाही. “तुमच्या ओळखीच्या ठाण्यांमधली माणसं सांगा,” ती म्हणाली, “आणि कोण कोणाचा कूम ते सांगा.” पोरं आधी हसली. मग एकाने काकाचं ठाणं सांगितलं, दुसऱ्याने बापाचं. नेदका फळ्यावर नावं लिहून रेघा ओढत गेली. अर्ध्या तासात फळ्याचं कोळ्याचं जाळं झालं.

“आता,” ती खडू झटकत म्हणाली, “ह्यातल्या ह्या माणसानं कोणाला तरी मारलं. तक्रार कोणाकडे करायची?”

कोणी हात वर केला नाही. मागच्या बाकावरची रालित्सा नावाची मुलगी म्हणाली, “मॅडम, फळ्यावर जागाच उरली नाही.” सगळा वर्ग हसला, पण नेदका हसली नाही. तिला ती मुलगी आवडली.

रकान्यासाठी ती सहा वर्षं भांडली. पत्रं लिहिली, उत्तरं आली नाहीत, पुन्हा लिहिली. राजधानीत तिला ‘कुमाची बाई’ म्हणायला लागले, आणि ते कौतुक नव्हतं. शेवटी एका समितीसमोर तिला बोलावलं. लांब टेबल, खनिज पाण्याच्या बाटल्या, अकरा पुरुष. अध्यक्ष सज्जन दिसणारा गृहस्थ होता. तो म्हणाला, “मॅडम, तुमची भावना कळते. पण कूम हे नातं कागदावर नसतं. जे कागदावर नाही त्याचा कायदा कसा करायचा?”

“बरोबर आहे साहेब,” नेदका म्हणाली. “तुमचे कूम कोण?”

“माझे?” गृहस्थाचा चेहरा उजळला. कुमाचं नाव घेताना आमच्याकडे कोणाचाही उजळतो. त्याने अभिमानाने शेजारच्या खुर्चीकडे हात केला. “हे काय, हेच!”

शेजारच्या खुर्चीत समितीचे उपाध्यक्ष बसले होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी खोकलं. नेदकाने कागद गोळा केले आणि ती खाली बसली.

रकाना आला. एकच ओळ, पण आली: ‘कूम, किंवा कुमपणाने जोडलेली व्यक्ती.’

ह्या सगळ्याची किंमत नेदकाने एकटीने दिली असती तर तिला काही वाटलं नसतं. यानाचं लग्न ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे याना जुन्या कुमाची परवानगी मागायला वल्कोकडे गेली. दुसरा कूम करायचा तर पहिल्याने मोकळं करावं लागतं. वल्कोने दार उघडलं नाही. याना फाटकाशी तासभर उभी होती. तिने मग चर्चमध्ये लग्न केलंच नाही, नगरपालिकेत सह्या केल्या आणि आईला म्हणाली, “तू बरोबरच होतीस, आई. पण बरोबर असण्याची तुला भारी हौस.” नेदकाने ते ऐकून घेतलं.

स्वतः नेदका कोणाची कुमा झाली नाही. किती जणांनी विचारलं, तिने नाही म्हटलं. एकदाच तिला नाही म्हणता आलं नाही. रालित्सा, ती मागच्या बाकावरची, पोलिसात पाच वर्षं काढल्यावर शाळेत आली आणि तिच्यापुढे उभी राहिली. रालित्साची आई ती चौदा वर्षांची असताना वारली होती. “मॅडम, लग्न करतेय. तुमच्या शिकवणीमुळे मी ठाण्यातला एकही कूम केला नाही. आता माझ्या मागे उभं राहायला कोणीच नाही. तुम्हीच या.” नेदका गेली. मुकुट धरला. पुढच्या वर्षी रालित्साच्या मुलाला पाण्यातून वर काढलं, आणि तो ओला, किंचाळणारा जीव हातात आल्यावर तिला भर चर्चमध्ये हुंदका फुटला.

२०१८ साली नेदका पन्नास वर्षांची होती आणि खात्याच्या शिस्तमंडळावर होती. तिघांचं मंडळ, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तिथे येत. ऑक्टोबरच्या एका सकाळी अध्यक्ष कर्नल मान्चेव्हने तिच्यापुढे नवी फाइल सरकवली. फुटबॉलच्या सामन्यानंतर बेड्या घातलेल्या एका दारुड्याच्या थोबाडीत एका महिला अधिकाऱ्याने दोनदा मारलं होतं. एक प्रेक्षक फोनवर चित्रण करत होता. अधिकाऱ्याचं नाव रालित्सा.

नेदकाने चित्रण पाहिलं. पुन्हा पाहिलं. दारुडा रालित्साच्या अंगावर थुंकला होता, काहीबाही बोलला होता. पण हात त्याचे मागे बांधलेले होते. हात मागे बांधलेल्या माणसाला दोनदा.

फाइलच्या वर तो फॉर्म होता, आणि फॉर्मवर तो रकाना.

मान्चेव्ह वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं. “लग्नात तुम्ही उभ्या होतात, माहीत आहे मला,” तो म्हणाला. “पण ते कागदावर कुठेय? ह्या रकान्यात नाही लिहा आणि सही करा. ऐका माझं. मी तिच्या बाजूनं आहे. तिसरे साहेब विरोधात जाणार. तुमचं मत पडलं तर पोरगी वाचते. बढतीवर बंदी, पगारात कपात, बास. तुम्ही उठलात तर तुमच्या जागी कोण येईल ठाऊक आहे ना?”

तिला ठाऊक होतं. जो येणार होता त्याने तीन वर्षांत कोणालाच सोडलं नव्हतं.

“त्या थुंकणाऱ्यासाठी?” मान्चेव्ह म्हणाला. “आठ वर्षांची नोकरी आहे तिची, नेदका बाई. पदरात पोर आहे. आणि बाकीचे सगळे ह्या रकान्यात बिनदिक्कत नाही लिहितात, तुम्हालाही माहीत आहे.”

होतं ना माहीत! ते आठवलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिला रालित्साला वाचवायचं होतं. इतकं मनापासून तिला आयुष्यात फार थोडं हवं होतं. वाचवणं तिच्या हातात होतं, आणि खोटंही फार मोठं नव्हतं, एका शब्दाचं. तिने पेन उघडलं. ‘कूम, किंवा कुमपणाने जोडलेली व्यक्ती’ ह्यापुढे तिने लिहिलं: ‘होय. मी तिची कुमा आहे.’ सही केली, खुर्ची मागे सरकवली आणि उठली.

“लोक म्हणतात ते खोटं नाही,” मान्चेव्ह म्हणाला. “दगड आहात तुम्ही.”

“दगड असते तर बरं झालं असतं,” नेदका म्हणाली आणि बाहेर आली.

बाहेर बोळात लाकडी बाक होता. त्यावर रालित्सा गणवेशात, टोपी मांडीवर घेऊन बसली होती. नेदकाला बाहेर येताना पाहून ती ताडकन उठली.

“तुम्ही आत का नाही?”

“तुझं नाव लिहून आले. रकान्यात.”

रालित्साला समजायला दोन क्षण लागले. मग तिचे ओठ पांढरे पडले. “म्हणजे मला बुडवलंत. वल्कोला बुडवलंत आणि आता मला. जवळच्या एकालाही सोडायचं नाही असं ठरवलंयत का?”

“मारलंस?”

“तो काय बोलला माहिताय? माझ्या मेलेल्या आईबद्दल...”

“मारलंस का विचारलं.”

“हो! मारलं. दोनदा मारलं.”

“मग आत गेल्यावर असंच सांग. तो काय बोलला तेही सांग, पण नंतर.” नेदका बाकावर बसली. “आणि बस आता. तुझा नंबर यायला वेळ आहे.”

“तुम्ही जा,” रालित्सा म्हणाली. “मला तुमचं तोंड बघायचं नाही.”

“नको बघू. मी बसलेय.”

निकाल आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. रालित्साची नोकरी गेली. दोनास एक मतांनी गेली. नेदकाचं मत पडलं असतं तर राहिली असती, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते ओझं तिने आजवर कोणाच्या खांद्यावर टाकलेलं नाही.

पण निकाल दुपारी लागला. सकाळी त्या बाकावर दोघी अर्धा तास बसल्या होत्या. रालित्सा आधी टोकाला बसली. मग ती रडायला लागली, आणि रडताना माणूस टोकाला बसू शकत नाही. नेदकाने हात पसरला आणि तिला जवळ ओढलं. आतून नाव पुकारलं गेलं. रालित्साने नाक पुसलं, टोपी नेदकाच्या हातात दिली आणि बोडक्या डोक्याने आत गेली. दार नीट लागलं नव्हतं. तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला: “हो साहेब. मी मारलं.”

तेवढ्यात बोळातून एक तरुण कारकून हातात कागद घेऊन आला. नेदकाला ओळखून तो अवघडला.

“मॅडम, माफ करा, पण सुनावणी चालू असताना मंडळाच्या लोकांनी इथं थांबायचं नसतं. इथं फक्त आरोपीच्या नातेवाइकांना बसता येतं.”

“आत जाऊन फॉर्म बघा,” नेदका म्हणाली. “मी आत्ताच लिहून दिलंय.”

आणि ती बसून राहिली.